खोक्यावरच्या लुमेनला भुलू नका: एलईडी टॉर्चच्या या चुका टाळा

खोक्यावर १,००,००० लुमेन (लुमेन हे एकूण प्रकाशाचं माप) आणि त्याखालीच १० तास बॅकअप असं छापलेलं दिसलं, तर ती टॉर्च घेऊ नका. हातात मावणाऱ्या टॉर्चमध्ये हे दोन आकडे एकत्र नांदूच शकत नाहीत, आणि ते ओळखायला शाळेतला गुणाकार पुरतो. पहिली टॉर्च घेणाऱ्याने निदान एवढा हिशोब शिकून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच असतं.

बऱ्याच टॉर्चमध्ये १८६५० हा पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल असतो. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५, म्हणून हे नाव. या मापाचा चांगला सेल साधारण ३५०० एमएएचपर्यंत (मिलिअँपिअर-तास, म्हणजे ३.५ अँपिअर-तास) मिळतो. त्याला ३.६ व्होल्टने गुणलं की साठा आला सुमारे १२.६ वॅट-तास. बरी एलईडी टॉर्च एका वॅटमागे १०० लुमेनच्या आगेमागे प्रकाश देते. म्हणजे १००० लुमेनला १० वॅट, आणि सेल पुरणार जेमतेम सव्वा तास. एक लाख लुमेनला १००० वॅट लागतील, म्हणजे तोच साठा पाऊण मिनिटात रिकामा. मुळात तो सेल एवढी वीज एका दमात देऊच शकत नाही. याच मापाच्या सेलवर ९९०० एमएएच लिहिलेलं असेल तर तेही धादांत खोटं. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. खोट्या आकड्यांचे सेल बरेचदा हाताला हलके लागतात.

लुमेन जास्त, तरी लांबचं दिसत नाही

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती लांब जाईल हे कँडेला सांगतो, म्हणजे झोताच्या मध्यभागाची तीव्रता. ५०० लुमेन रुंद पसरले तर खोली उजळते, अरुंद झोतात एकवटले तर दूरचं झाड दिसतं. अंतराचा आकडा एएनएसआय एफएल१ या टॉर्च मोजण्याच्या अमेरिकी मानकाप्रमाणे दिला असेल, तर तो प्रकाश ०.२५ लक्सवर येईपर्यंतचा असतो. लक्स म्हणजे समोरच्या जागेवर किती प्रकाश पडतो त्याचं माप. ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. १०,००० कँडेलाची टॉर्च या हिशोबाने २०० मीटरची ठरते, पण तिथे उभा माणूस आहे की खांब, हे नीट कळणार नाही. निम्म्या अंतरावर प्रकाश चौपट असतो. तेवढाच पल्ला खरा धरावा.

‘टॉर्च पाच मिनिटांत मंद झाली’

ही तक्रार फार ऐकू येते आणि चांगल्या टॉर्च उगाच परत जातात. टर्बो मोडवर, म्हणजे सगळ्यात जास्त प्रकाशावर, एलईडी आणि सर्किट झपाट्याने तापतात, म्हणून टॉर्च मिनिट-दोन मिनिटांत, कधी पाच मिनिटांत, स्वतःहून प्रकाश कमी करते. हा बिघाड नाही, ती स्वतःला वाचवते आहे. त्याच एफएल१ मानकात रनटाइम, म्हणजे टॉर्च किती वेळ चालते, हेही मोजतात ते सुरुवातीच्या प्रकाशाच्या १० टक्के उरेपर्यंत. १००० लुमेन, ३ तास, याचा अर्थ तीन तास १००० लुमेन असा नव्हे. शक्य असेल तर त्या मॉडेलचा वेळ आणि प्रकाशाचा आलेख बघून मगच पैसे मोजा.

यात एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची आहे. दुप्पट उजेड जाणवायला डोळ्याला साधारण चौपट प्रकाश लागतो. म्हणजे १००० वरून २५० लुमेनवर आलात तर उजेड निम्मा झाल्यासारखा वाटेल, पण सेल चौपट किंवा त्याहून थोडा जास्तच चालेल, कारण कमी विजेवर एलईडी अधिक काटकसरीने जळते. अंधारात पायवाटेने चालायला ५० ते १०० लुमेन पुष्कळ झाले. खोलीत काही शोधायला १० सुद्धा चालतात. जवळच्या पांढऱ्या भिंतीवर टर्बो मारला तर दिपतात आपलेच डोळे, आणि ते अंधाराला पुरते सरावायला पुन्हा २० ते ३० मिनिटं जातात.

पेटत नाही किंवा लुकलुकते

टॉर्च फेकण्याआधी मागचं झाकण काढून नळीची कड पाहा. बहुतेक धातूच्या टॉर्चमध्ये वीज नळीच्या अंगातूनच पुढे जाते, आणि ती जाते या कडेवरच्या बिनरंगी, उघड्या ॲल्युमिनियमच्या कड्यातून. त्यावर करडा थर जमला किंवा आट्यांमधलं काळं ग्रीस तिथे आलं की टॉर्च लुकलुकायला लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने ते कडं, स्प्रिंग आणि सेलची दोन्ही टोकं पुसा, आणि झाकण शेवटपर्यंत घट्ट फिरवा. एवढ्यानेच कितीतरी टॉर्च पुन्हा पेटतात. तरी नाही पेटली तर दुसरा सेल घालून बघा.

बटण मागच्या झाकणात असेल तर आणखी एक चाचणी करता येते: झाकण बाजूला ठेवून सेलचं ऋण टोक आणि ते उघडं कडं वायरच्या तुकड्याने क्षणभर जोडा. टॉर्च पेटली तर दोष बटणात आहे.

चार्ज होत नसेल तर आधी केबल बदला. काही स्वस्त टॉर्चमध्ये टाइप-सी पोर्ट असतो, पण त्याला लागणारे दोन छोटे रेझिस्टर बसवलेलेच नसतात. अशी टॉर्च दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर मख्ख राहते आणि जुन्या चौकोनी टोकाच्या केबलवर निमूट चार्ज होते.

सेलच्या बाबतीत हयगय नको

जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. कमजोर सेल आधी संपतो, दुसरा त्यातून उलटी वीज ढकलतो आणि मग कमजोर सेल पाझरतो. अल्कलाइन सेल तर नुसता पडून राहिला तरी पाझरू शकतो, तेव्हा वापर नसताना काढून ठेवा. स्प्रिंगवर पांढरी पूड दिसली तर हातमोजे घालून ती व्हिनेगरने पुसा.

१४५०० हा लिथियम सेल दिसायला हुबेहूब एए, म्हणजे साध्या पेन्सिल सेलसारखा असतो, पण पूर्ण चार्ज झाल्यावर देतो ४.२ व्होल्ट. फक्त १.५ व्होल्टसाठी बनवलेल्या टॉर्चचं सर्किट त्याने जळू शकतं.

लिथियम सेलचं प्लास्टिक आवरण फाटलं असेल तर मी तो अजिबात वापरणार नाही. त्याचं सगळं धातूचं अंग, अगदी धन टोकाभोवतीची कडसुद्धा, ऋण असते. मध्ये असतं ते पातळ आवरण आणि एक कागदी चकती. तिथे धातू टेकला की शॉर्ट सर्किट झालंच. म्हणूनच सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नका, प्लास्टिकच्या डबीत ठेवा. टॉर्च बॅगेत ठेवताना झाकण पाव फेरा सैल करा, म्हणजे बटण दाबलं गेलं तरी बहुतेक टॉर्च पेटत नाहीत. महिनोन्महिने ठेवायची असेल तर सेल निम्मा चार्ज करून, काढून, गार जागी ठेवा. फुगलेला सेल पुन्हा चार्जरला लावू नका आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.