या चुका टाळा: विकीतल्या उपपानांचे दुवे

समजा मीडियाविकीवर (विकिपीडिया चालवणारी प्रणाली) मूळ पान आहे ‘बडोदे’. त्याखाली उपपानं ‘बडोदे/मांडवी’, ‘बडोदे/न्यायमंदिर’, ‘बडोदे/सुरसागर’. यादी करताना नवखा माणूस हमखास [[बडोदे/मांडवी]] लिहितो आणि प्रत्येक ओळीत ‘बडोदे/’ उमटतं. वाचक बडोद्याच्याच पानावर बसलाय, त्याला कितीदा सांगणार?

[[/मांडवी]] लिहिलं तर दुवा बरोबर जातो, पण दिसतं ‘/मांडवी’. ती शेंडी कापायला शेवटी आणखी एक स्लॅश द्यायची: [[/मांडवी/]]. शेजारच्या उपपानासाठी [[../सुरसागर/]], शेवटची स्लॅश विसरलात तर पूर्ण नाव ‘बडोदे/सुरसागर’ वाचकासमोर. विकीची भाषा मराठी ठेवली असेल तर [[/मांडवी/]]ला लिहा, प्रत्ययही दुव्यातच रंगतो. त्यासाठी पाईप (‘|’ आणि त्यापुढे दिसायचा मजकूर) लावत बसू नका.

रिकाम्या पाईपची हातचलाखी, [[बडोदे/मांडवी|]], इथे फुकट. ती नामविश्व (नावाआधीचा ‘सदस्य:’सारखा भाग) आणि कंस गाळते, मूळ पानाचं नाव नाही.

खरा घोळ पान हलवताना होतो. शहराचं अधिकृत नाव १९७४ साली वडोदरा झालं, म्हणून एका विकीवर कुणीतरी ‘बडोदे’ हे पान ‘वडोदरा’वर नेलं. घाईत उपपानंही हलवण्याची खूण राहिली. आता [[/मांडवी/]] शोधतो ‘वडोदरा/मांडवी’, आणि ते पान नाहीच. मजकूर पूर्वीसारखाच ‘मांडवी’, फक्त लाल. उपपानांवरून वर जाणारे दुवे मात्र पुनर्निर्देशनामुळे (जुन्या नावावरून नव्यावर नेणारी सोय) चालत राहिले, त्यामुळे चूक कुठे आहे ते लवकर कळेना. तोवर उत्साही मंडळींनी लाल दुव्यांवर टिचकी मारून तीच पानं नव्याने लिहून टाकली! मग जुनी पानं हलवायला जागाच उरली नाही. आधी नवी हटवा, त्यांतला कामाचा मजकूर उचला, इतिहास जुळवा. एका खुणेपायी आठवडा. खूण केली तरी मूळ मांडणीत एका वेळी १०० पानंच हलतात, म्हणून हलवल्यावर जुन्या नावाने सुरू होणारी पानं एकदा मोजून पाहावीत. खूण दिसतच नसेल तर तुम्हाला ती परवानगी नाही. प्रचालकाला सांगा, अर्धं काम करू नका.

साच्यात (अनेक पानांवर लावायच्या तयार मजकुरात) [[/मांडवी/]]सारखा सापेक्ष दुवा टाकताना दहादा विचार करा. साचा ज्या पानावर लागतो, दुवा त्या पानापासून मोजला जातो. साच्यात पूर्ण नाव आणि पाईप बरा.

आणि हे सगळं करूनही ‘/मांडवी/’ असंच दिसत असेल, तर त्या नामविश्वात उपपानं चालूच नाहीत. मीडियाविकीत मुख्य नामविश्वात ती मुळात बंद असतात. सदस्यपानाच्या धूळपाटीवर (सरावाच्या उपपानावर) जमलं म्हणजे लेखात जमेल असं नाही. झलक लेखाच्याच पानावर पाहावी.