कॅम्परमधला गॅस अलार्म बदलताना

आमच्या कॅम्परमधला (म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतला) गॅसचा अलार्म शेवटपर्यंत खणखणीत होता. टेस्टचं बटण दाबलं की कान किटतील असा कोकलायचा. म्हणून तो एका रात्री थोड्या थोड्या वेळाने ‘टिक’ करायला लागला तेव्हा ह्यांनी लगेच निदान केलं, बॅटरी उतरली असणार. कॅम्परची बॅटरी चार्ज केली, टिकटिक चालूच. मग ह्यांनी त्यावर उशी टेकवून ठेवली. सकाळी मी दोन स्क्रू काढून तो उलटा केला, तर मागच्या लेबलवर बनवल्याची तारीख नऊ वर्षांपूर्वीची. कॅम्पर आम्ही जुना घेतलेला, त्याच्याबरोबर अलार्मही जुनाच आला होता.

बटण दाबल्यावर भोंगा आणि आतलं सर्किट चालतंय एवढंच कळतं. वास घेणारा सेन्सर जिवंत आहे की नाही, ते कळत नाही. असे अलार्म मॉडेलनुसार साधारण ५ ते ७ वर्षं चालतात, आणि मुदत संपली की बरेचसे असेच टिकटिकून सांगतात. आम्ही त्याच्यावर उशी ठेवली!

नवा घेताना जुना काढून भिंतीतलं भोक मोजा, लांबी-रुंदीबरोबर खोलीसुद्धा. मी फक्त दर्शनी भाग मोजला होता, तो बसला नाही, परत करावा लागला. कॅम्परसाठी बनवलेला, १२ व्होल्टवर चालणारा आणि दोन्ही गॅस ओळखणारा हवा: सिलिंडरमधला प्रोपेन, आणि अर्धवट जळण्यातून तयार होणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड. अमेरिकन मॉडेल असेल तर लेबलवर यूएल या सुरक्षा मानकाचे, प्रोपेनसाठी यूएल १४८४ आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी यूएल २०३४ असे दोन्ही आकडे शोधा. आणि दुकानातच बनवल्याची तारीख बघा.

जागा शक्यतो जुनीच ठेवा, जमिनीलगतची. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, तो गळला की आधी पायाशी साचतो, आणि हवेत जेमतेम २ टक्के झाला तरी ठिणगीने पेटू शकतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र जवळपास हवेइतकाच हलका, तो सगळीकडे मिसळतो. त्याला वासही नसतो. प्रोपेनला निदान मुद्दाम घातलेला उग्र वास असतो. आमचा पलंग उंचावर आहे, म्हणून तिथे फक्त कार्बन मोनॉक्साइडचा, सेलवर चालणारा वेगळा अलार्म लावलाय.

आता काम. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, दार-खिडक्या उघड्या. मग वीज. इथे बरेच जण फसतात. बॅटरीचा निगेटिव्ह काढला म्हणजे झालं असं वाटतं, पण बाहेरच्या विजेची केबल लावलेली असेल तर कॅम्परमधला कन्व्हर्टर १२ व्होल्ट देतच राहतो. छतावर सोलर असेल तर तोही. म्हणून आधी केबल काढा, सोलर तोडा, शेवटी बॅटरीचा निगेटिव्ह.

अलार्म हळूच पुढे ओढा आणि वायरी तोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वायर अलार्मच्या अगदी जवळून तोडा, भिंतीकडचं टोक जितकं लांब राहील तितकं चांगलं. आणि तोडण्याआधीच भिंतीकडच्या वायरींना कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. मी लावला नव्हता. एक वायर सुळकन आत गेली आणि अर्धा तास मी वाकवलेल्या तारेने भिंतीत मासेमारी करत बसले. हे टॉर्च धरून होते, आणि सूचनाही देत होते.

आमच्या भिंतीतून काळी आणि पांढरी वायर येत होती. नव्या अलार्मला लाल आणि काळी. कोणाचाही हात काळ्याला काळी जोडायला जाईल, माझाही गेला होता. पण गाडीच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे निगेटिव्ह असली, तरी बऱ्याच कॅम्परच्या भिंतीत काळी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते. तेव्हा रंगावर विश्वास नको. टोकं एक सेंटिमीटर सोला, एकमेकांपासून लांब धरा, बॅटरी तेवढ्यापुरती जोडा आणि मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. मी त्याचा लाल प्रोब पांढऱ्या वायरला आणि काळा प्रोब काळ्या वायरला लावला तर आकडा आला उणे १२.६, म्हणजे प्रोब उलटे लागले होते. म्हणजे काळीच पॉझिटिव्ह. तिला लाल टेप गुंडाळली, बॅटरी पुन्हा काढली, मगच जोडणी.

नुसता पीळ देऊन टेप लावू नका. कॅम्पर रस्त्यावर सतत हादरतो, पीळ सुटतो. दोन्ही बाजूंनी वायर घालून पकडीने दाबायची नळी मिळते, ती वापरा आणि दाबल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा. जुनं भोक मोठं असेल तर कडेने सिलिकॉन भरू नका. त्याची वाफ नव्या सेन्सरची वाट लावते. मी पातळ प्लायवूडची चौकट कापून लावली, त्यामागे फट झाकली गेली.

वीज चालू केली की सेन्सर तापायला काही मिनिटं लागतात, तोवर दिवा लुकलुकतो. तो स्थिर हिरवा झाला की टेस्टचं बटण दाबा. लायटरचा गॅस अलार्मच्या तोंडाशी सोडून परीक्षा घेऊ नका, सेन्सर खराब होऊ शकतो. शेवटी सिलिंडर उघडून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे फुगले तर तिथे गळती आहे, व्हॉल्व्ह बंद करून ती आधी काढा.

पुढे कधी अलार्म वाजला तर एकही बटण न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, दार उघडंच ठेवा, सिलिंडर बाहेरूनच बंद करा. हेअरस्प्रेने किंवा जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीच्या वायूनेही तो वाजू शकतो, पण ते कारण बाहेर उभं राहून शोधायचं. सगळ्यांचंच डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड समजा आणि मदतीला फोन करा.

अलार्म दिवसरात्र थोडा करंट खातो. आमचा साधारण ०.१ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास. म्हणून कॅम्पर महिनोन्महिने उभा राहणार असेल तेव्हा मी बॅटरी तोडते, आणि सिलिंडरही बंद करते. परत आल्यावर आधी वीज, मग हिरवा दिवा, मगच सिलिंडर.

बनवल्याची तारीख मी मार्करने अलार्मच्या पुढच्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलीय. ह्यांना ते विद्रूप दिसतं.