व्हॅक्युम क्लीनरची मोटर खरंच गेलीय का? पैसे मोजायच्या आधी हे बघा

दिवाळीच्या साफसफाईत आमचा १४०० वॅटचा व्हॅक्युम क्लीनर मधेच बंद पडला. दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता सांगून टाकलं, मोटर गेली, २८०० होतील. म्हटलं आधी आपणच उघडून बघू. निघालं काय तर कार्बन (फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे छोटे ठोकळे) संपलेले, जोडी १२० रुपयाला.

तर आधी फुकटातलं बघा. चालता चालता आवाज चढत जाऊन मशीन बंद पडलं असेल तर बॅग, फिल्टर नाहीतर पाईप तुंबलाय. हवा अडली की मोटरवरचा लोड कमी होतो म्हणून ती उलट जोरात फिरते, पण तीच हवा बऱ्याच घरगुती मशीनमधे मोटरला गारही ठेवते, ती नाही मिळाली की थर्मल कटआउट (तापल्यावर वीज तोडणारा स्विच) उडतो. साफ करा, तासभर थांबा, बऱ्याचदा आपोआप सुरू होतं. एकदम मेलं असेल तर वायर बघा, प्लगच्या तोंडाशी नाहीतर गुंडाळीच्या आत ती आतून तुटते.

आता उघडायचं. प्लग काढून, स्विच नुसता बंद करून नाही! मोटरच्या दोन बाजूंना कार्बनचे होल्डर दिसतील, एकेक स्क्रू असतो. कार्बन ५-६ मिमी उरला असेल किंवा स्प्रिंग दाबतच नसेल तर जोडीनेच बदला, जुना तुकडा दुकानात घेऊन जा, लांबी-रुंदी डोळ्याने ठरवू नका. कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर काळा पडला असेल तर झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. एमरी पेपर नको, तिची भुकटी पट्ट्यांच्या मधे बसते आणि शॉर्ट करते. नवीन कार्बन टाकले की पाच-दहा मिनिटं पाईप काढून मशीन चालवा, सुरवातीला ठिणग्या उडतील, मग कमी होतात.

किंचाळल्यासारखा आवाज येतोय? बेअरिंग. बऱ्याच मोटरींत ६०८ नंबरचं असतं, तेच स्केटिंगच्या चाकात असतं, स्वस्तात मिळतं, पण वरचा फॅन काढताना वाकला तर सगळं मुसळ केरात.

कम्युटेटरभोवती आगीचं कडंच फिरत असेल, जळका वास असेल, तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, गेलं. रिवाइंडिंगच्या, म्हणजे तारा नव्याने गुंडाळून घ्यायच्या, भानगडीत पडू नका, ही मोटर मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेते, बॅलन्स जरा चुकला की बेअरिंग खाते. सरळ नवीन मोटर घ्या. मी विचारलं तेव्हा लोकल १००० ते १५००, कंपनीची दोन-अडीच हजार, मजुरी वेगळी. घेताना वॅट, व्यास, उंची तिन्ही मोजा, आणि पाणी ओढणारं मशीन असेल तर बायपास मोटरच मागा, त्यात थंड करायची हवा वेगळी असते. साधी टाकली तर ओल्या हवेने महिन्याभरात परत दुकानात.

माझा हिशोब असा, मोटर आणि मजुरी मिळून नव्या मशीनच्या निम्म्यावर गेली की मी नवीनच घेतो. कार्बन, बेअरिंगसाठी मात्र नाही.