व्यवसाय सातत्याचे सदस्यत्व: फॉर्मआधी वही भरा

‘माझ्याकडे आयएसओ २२३०१ आहे’ असे गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कोणी म्हणाले, तर गालात हसा. आयएसओ २२३०१ हे व्यवसाय सातत्याचे, म्हणजे संकटातही काम चालू ठेवण्याचे, आंतरराष्ट्रीय मानक. त्याचे प्रमाणपत्र कंपनीला मिळते, माणसाला नाही. माणसाला मिळते ते फार तर त्यावरच्या अभ्यासक्रमाचे. या क्षेत्रात स्वतःची पत हवी असेल, तर वाट व्यावसायिक संस्थेच्या सदस्यत्वाची.

आधी मानक वाचा. पहिली आवृत्ती २०१२ची, सध्याची २०१९ची. विकत महाग पडते, म्हणून कंपनीच्या क्वालिटी विभागात प्रत आहे का विचारा. थेट आठव्या कलमापासून सुरुवात केलीत तरी चालेल. कामाचा गाभा तिथेच आहे. कोणते काम किती तास बंद राहिले तर सोसेल, हा त्यातला पहिला प्रश्न. १९८६ साली पणजीजवळ मांडवी नदीवरचा पूल कोसळला, तेव्हा फेरीबोटींनी माणसे पलीकडे नेली. वेळ जास्त लागला, रांगा लागल्या, पण येजा थांबली नाही. सातत्य म्हणजे हेच: सगळे पूर्ववत नव्हे, निभेल इतके.

मग संस्था निवडा. या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संस्था: ब्रिटनमधली बीसीआय (बिझनेस कंटिन्युइटी इन्स्टिट्यूट) १९९४ची, अमेरिकेत सुरू झालेली डीआरआय (डिझास्टर रिकव्हरी इन्स्टिट्यूट) १९८८ची. बीसीआयकडे सीबीसीआय ही पहिल्या पायरीची परीक्षा देऊन सदस्यत्वाच्या पुढच्या श्रेणींकडे जाता येते. डीआरआयच्या सीबीसीपी या प्रमाणपत्राला दोन वर्षांहून अधिक प्रत्यक्ष अनुभव लागतो. नवख्याने त्यांच्याच एबीसीपी या खालच्या पायरीपासून सुरुवात करावी. कंपनीचा ग्राहक कोणते नाव ओळखतो ते विचारून ठरवा, बाकी वाद चहाच्या टपरीवर.

खरी अडचण अनुभव सिद्ध करताना येते. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळाने गोव्यात वीज घालवली, तेव्हा अनेकांनी हेच काम केले, पण लिहून कोण ठेवतो? आजपासून एक वही करा. तारीख, काय बंद पडले, जनरेटर किती वेळ चालला, डिझेल कुठून आले, कोणाचा फोन लागला नाही, नंतर योजनेत काय बदलले. सराव घेतला तर तोही लिहा, फसलेला असला तरी. फसलेल्या सरावाच्या नोंदी जास्त उपयोगी पडतात. खाली वरिष्ठांची सही घ्या. त्यांची बदली झाली की सही मिळणे कठीण, आणि अर्जात तुमच्या कामाची ग्वाही देणारे तेच.

सदस्यत्व टिकवायला दरवर्षी फी भरावी लागते, तीही बहुधा परकीय चलनात. ती कंपनी देणार की तुम्ही, हे अर्जाआधी एचआरकडून लेखी घ्या.