निळसर राखाडी: चार सारख्या शेडमधून एक निवडताना

भिंतीच्या रंगाच्या शेड कार्डावर चार चौकोन, चारही पावसाळी आभाळासारखे. दुकानदाराला विचारलं तर ‘कुठलाही घ्या, छानच दिसतोय’. दिसतो, पण दुकानात.

आधी चारही शेड पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी ठेवा. एकटी असताना नुसती राखाडी वाटणारी शेड मग हिरवट किंवा जांभळट निघते. तरी कळेना, तर त्याच पट्टीवरची सगळ्यात गडद शेड बघा. पोटातला रंग तिथं उघडा पडतो.

मग ते कार्ड घरी आणून जमिनीला लावून बघा. लाल कोब्याशेजारी राखाडी रंग डोळ्याला हिरवट-निळा भासतो. तिथं आधीच हिरवट असलेली शेड नको.

नमुना थेट भिंतीवर लावू नका. मी तेच केलं होतं. सोप्याच्या, म्हणजे पुढच्या खोलीच्या, जुन्या पिवळ्या डिस्टेंपरवर वीतभर पट्टा मारला, काय सुंदर निळा दिसला! चारही भिंती झाल्यावर निळा गायब, खोली सिमेंटची टाकी. तो निळेपणा शेजारच्या पिवळ्यानं दाखवलेला होता. म्हणून दोन फुटी पुठ्ठ्यावर पांढरा प्रायमर, म्हणजे खालचा अस्तराचा हात, आणि वर निवडलेल्या शेडचे दोन हात मारा, कडेला बोटभर पांढरं सोडा. एक दिवस वाळू द्या. आजी चुन्यात नीळ घालायची, तो चुना वाळल्यावर उजळायचा; हल्लीचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा तयार रंग, उलट, बहुधा जरा गडद होतं.

पुठ्ठा प्रत्येक भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लावून बघा. उत्तरेच्या खिडकीचा उजेड निळा वाढवतो. रात्री ३००० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचा हा आकडा बल्बच्या खोक्यावर असतो) पिवळा दिवा तो खातो, ६५०० चा पांढरा परत आणतो. म्हणजे बल्ब आधी ठरवा, रंग नंतर. आणि जमलं तर जुलैतल्या झडीच्या दिवशी बघाच. बेळगावजवळच्या खानापूरकडं तर पावसाळ्यात कित्येक दिवस ऊन नसतं. तिथं गडद राखाडी खोली दुपारीच दिवा मागते. दोन शेडमध्ये अडलात तर फिकी घ्या.

भिंतीला ओल असेल तर आधी ती काढा, शेड कुठलीही असो.

लागणारा रंग एकदमच घ्या, सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. शेडचा नंबर, रंगाचा प्रकार आणि तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा; डबा भंगारात जातो.