मातीतले मिक्सोबॅक्टेरिया शुद्ध करायचे तर कड धरा

आपल्या मातीत मिक्सोबॅक्टेरिया (थव्याने सरकत इतर जीवाणूंची शिकार करणारे जीवाणू) नाहीतच, असे सांगणारे बहुतेक जण आठव्या दिवशी पेट्री प्लेटी धुऊन टाकतात. तीन आठवडे थांबा. सांगली-मिरजेच्या काळ्या रानात हे जीवाणू भरपूर आहेत.

माती वरच्या चार-पाच सेंटिमीटरची घ्या आणि सावलीत वाळवा. त्यांना उदासीन ते किंचित अल्कधर्मी माती मानवते. कासच्या जांभ्यावरची आम्लधर्मी माती आणण्याचा हट्ट नको. ते पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे, तिथे खणायचेच नाही.

आमिष म्हणून पुस्तकांत सशाच्या लेंड्या सांगितलेल्या असतात. मी आटपाडीकडच्या शेळ्यांच्या वापरतो. ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) प्लेटमधल्या ओल्या मातीत अर्ध्या रुतवा, बुरशी रोखायला सायक्लोहेक्झिमाइड घाला (विषारी आहे, हातमोजे घालूनच) आणि 30 अंशांवर ठेवा. पाचव्या दिवसापासून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली रोज बघा. लेंडीवर पिवळे, नारिंगी, तपकिरी बारीक गोळे दिसतील. अन्न संपले की हजारो पेशी एकत्र येऊन हे गोळे रचतात आणि आत बीजाणू बनवतात. पूर्वी यांना बुरशी समजत. हे जीवाणू आहेत, हे 1892 मध्ये रोलंड थॅक्स्टर यांनी दाखवले.

इथपर्यंत कुणालाही जमते. खरे काम पुढे आहे: शुद्धीकरण. माझे पहिले पावसाळी सत्र यातच वाया गेले. मी सगळ्यात टपोरा गोळा बुडासकट उचलायचो, आणि दोन दिवसांत नव्या प्लेटवर बॅसिलस हा मातीतला दुसराच जीवाणू पसरलेला असायचा. गोळ्याच्या बुडाशी अमिबा, बॅसिलस, कृमी सगळे चिकटलेले असतात. म्हणून सुई फक्त गोळ्याच्या माथ्याला लावा. लेंडीला ती लागली, तर ती सुई बाजूला ठेवा आणि दुसरी घ्या.

'बीजाणू उष्णता सोसतात, 58 अंशांवर दहा मिनिटे ठेवा, बाकीचे मरतील' हा सल्ला अर्धाच खरा आहे. साध्या पेशी मरतात, पण बॅसिलसचे बीजाणू त्याहून कितीतरी जास्त उष्णता सोसतात. त्यांच्याविरुद्ध गरम करण्याचा काही उपयोग नाही, उलट मैदान मोकळे मिळून ते फोफावतात.

उपयोग होतो तो कडेचा. मिक्सोबॅक्टेरिया पोहत नाहीत, घट्ट पृष्ठभागावर सरकतात. पोषक द्रव्य नसलेल्या पाणी-अगारवर (प्लेटमध्ये गोठवलेल्या जेलीवर) भक्ष्य म्हणून ई. कोलाय या जीवाणूची रेघ ओढा आणि माथ्यावरून उचललेले द्रव्य रेघेच्या एका टोकाला लावा. मिक्सोबॅक्टेरियांचा थवा भक्ष्य विरघळवत पुढे जातो आणि सरकता न येणारे मागे राहतात. दोन-तीन दिवसांनी थव्याच्या अगदी बाहेरच्या, पातळ कडेवरून टाचणीच्या डोक्याएवढा अगारचा तुकडा कापून नव्या प्लेटवर ठेवा. हे पाच-सहा वेळा करा. थवा दाट दिसतो तो मधोमध, म्हणून हात तिकडेच जातो. तिथून कधीही घेऊ नका.

आणि प्लेटी कोरड्या हव्यात. पावसाळ्यात साताऱ्याच्या दमट हवेत अगारवर पाण्याची पातळ फिल्म राहते, तिच्यातून बॅसिलस पोहत थव्याच्याही पुढे निघून जातो. ओतलेल्या प्लेटी वापरण्याआधी रात्रभर वाळवा. माझे अपयश थांबले ते या एका बदलाने.

शेवटी थव्यातून उरलेले ई. कोलाय काढून टाका. ऑटोक्लेव्ह केलेल्या यीस्टच्या अगारवर दोन वेळा वाढवा. मग थोडे न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये (पोषक द्रवात) टाका. दुसऱ्या दिवशी ब्रॉथ एकसारखा गढूळ झाला तर अजून भेसळ आहे, पुन्हा कडेकडे जा.

ही खात्री न करता डीएनए सिक्वेन्सिंगला पाठवू नका. ई. कोलाय के-12 चा जीनोम सुमारे 46 लाख बेस-जोड्यांचा. मिक्सोबॅक्टेरियांपैकी मिक्सोकॉकस झँथसचा 91 लाखांचा, तर 2007 मध्ये वाचलेल्या सोरँजियम सेल्युलोसमच्या एका वाणाचा तब्बल 1 कोटी 30 लाखांचा. शिकार, थव्यातला संवाद, गोळे रचणे आणि औषधी रसायने बनवणे, या सगळ्याची जनुके त्यात असतात. कर्करोगावरचे इक्झाबेपिलोन ज्या एपोथिलोनपासून तयार झाले, ते सोरँजियमचेच. मिक्सोबॅक्टेरियांत जी-सी प्रमाण (डीएनएतल्या जी आणि सी या बेसचा वाटा) 70 टक्क्यांच्या आसपास असते, ई. कोलायमध्ये 51. अहवालात 46 लाखांच्या आसपास आणि 51 टक्के आले, तर तुम्ही भक्ष्यच, म्हणजे ई. कोलायच वाचला आहे.

डीएनए काढताना चिकट स्राव त्रास देतो, सीटॅबची (तो स्राव वेगळा करणाऱ्या रसायनाची) पायरी दोनदा करा. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढताना) 5 टक्के डीएमएसओ हे द्रावक घाला, नाहीतर इतका जी-सी उलगडत नाही.

शुद्ध वाणाचे गोळे निर्जंतुक फिल्टर कागदावर वाळवून सीलबंद कुपीत ठेवा. पलूसच्या उसाच्या रानातला माझा वाण सात वर्षांनी अशाच कागदावरून उठला.