पंखात बसवलेल्या लिफ्ट फॅनचा अभ्यास: कुठून सुरुवात करावी

लिफ्ट फॅन म्हणजे पंखातल्या गोल भोकात बसवलेला, विमानाला सरळ वर उचलणारा फॅन. एमटेकच्या प्रबंधासाठी मी हा विषय घेतला, तेव्हा जो तो आधी हॉवरचं, म्हणजे एका जागी तरंगण्याचं, गणित कर म्हणून सांगत होता. ते कराच, पण त्यात फार दिवस अडकू नका. उघड्या रोटरखालचा झोत आकसतो, डक्टमधल्या, म्हणजे भोवती गोल भिंत असलेल्या, फॅनचा तितका आकसत नाही. म्हणून त्याच व्यासात तेवढीच लिफ्ट आदर्श स्थितीत सुमारे 30 टक्के कमी शक्तीत मिळते. त्यातली जवळजवळ निम्मी लिफ्ट पात्यांवर नसतेच. ती डक्टच्या तोंडाच्या गोलसर कडेवर असते, कारण तिथून वळताना हवेचा दाब उतरतो. कडेवरच्या दाबांची बेरीज स्वतः केली, तेव्हाच मला हे पटलं.

खरा विषय विमान पुढे सरकलं की सुरू होतो. समोरून आडवी येणारी हवा फॅनला खाली वळवावी लागते. समजा लिफ्ट 30,000 न्यूटन आणि झोताचा वेग सेकंदाला 100 मीटर. म्हणजे दर सेकंदाला 300 किलो हवा. विमानाने 30 मीटर प्रतिसेकंद वेग गाठला की 9,000 न्यूटन रॅम ड्रॅग, म्हणजे ही हवा वळवताना विमानाला मागे ओढणारं बल, लागला! शिवाय पुढच्या कडेवर शोषण वाढतं आणि नाक वर उचललं जातं. ती कड धारदार असेल तर प्रवाह तिथेच सुटतो आणि पात्यांना प्रत्येक फेरीत एका बाजूला खराब हवा मिळते. पंखाखाली झोताच्या मागे दाब कमी होतो, तिथेही लिफ्ट जाते.

1964 मध्ये उडालेलं रायन एक्सव्ही-5ए हे लिफ्ट फॅनचं प्रायोगिक विमान बारकाईने अभ्यासा. दोन जे85 जेट इंजिनांचा गरम वायू फॅनच्या परिघावरच्या टर्बाइन पात्यांवर सोडलेला. पंखांतले फॅन दीड मीटरहून मोठे. नाकातला तिसरा फॅन पिच, म्हणजे नाकाचं वर-खाली होणं, सांभाळायला, आणि झोत मागे वळवायला पंखांखाली झडपा. वरचं गणित केलेलं असलं की यातला प्रत्येक भाग का आहे ते आपोआप कळतं. या प्रकल्पात दोन वैमानिकांनी जीव गमावला, हेही विसरू नका.

नासाचे त्या काळचे विंड टनेलचे अहवाल मोफत मिळतात. सीएफडीला, म्हणजे संगणकावर हवेचा प्रवाह सोडवण्याला, हात लावण्याआधी त्यांतला एखादा आलेख कागदावर उतरवा, आडव्या अक्षावर विमानाचा वेग भागिले झोताचा वेग घेऊन. मग सीएफडीसाठी जाळी विणताना सर्वांत बारीक पेशी पुढच्या कडेवर ठेवा. आणि जोडीला फ्लाइट कंट्रोलचा एक विषय घ्याच. नाक वर उचलणारा हा पिचिंग मोमेंट शेवटी त्याच लोकांना सांभाळायचा असतो.